मागणं आणि मोल

१९९३ साली बी.ए. होऊन मी एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेलो. मालकांनी विचारलं, "पगार किती हवा?" मी म्हणालो, "तुम्ही द्याल तो." सहाशे ठरले. माझ्याबरोबर लागलेल्याने आठशे मागितले, त्याला मिळाले. पुढची वाढ टक्क्यांनी होई. आमच्यातलं अंतर वाढतच गेलं.

गेल्या वर्षी मुलीला नोकरीचं पत्र आलं. मी म्हणालो, "हो म्हण, बेटा." ती म्हणाली, "अब्बा, वर्षाच्या आकड्यात कंपनीचा पी.एफ.चा वाटाही धरलाय. हातात कमी येईल." तिने नम्रपणे महिना दोन हजार जास्त मागितले. हजार मिळाले.

अम्मी सांगायची, कुणापुढे हात पसरू नये. खरंच आहे. पण आपल्या कामाचं मोल सांगणं म्हणजे हात पसरणं नव्हे, हे मला मुलीने शिकवलं.