कालबैशाखी आणि आपली गॅलरी

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकू समारंभात दिलेले भाषण)

सेक्रेटरींनी पंधराच मिनिटे दिली आहेत, म्हणून थेट विषयालाच हात घालते. विषय मीच सुचवला. गेली एकतीस वर्षे मी या कोलकाता शहरात आहे. त्यातली बरीच वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली. दर चैत्र-वैशाखात, बदली होऊन नव्याने आलेली आपली मंडळी पहिल्या वादळात हात पसरून गॅलरीत उभी असलेली मला दिसतात. "काकू, वळीव आला!" हा आनंद मला कळतो. दिवसभर घामाच्या धारा आणि मग अचानक ती गार झुळूक! पण आज मला बोलायचे आहे ते त्या झुळकेबद्दलच.

इथे येतो तो आपला वळीव नव्हे, ही कालबैशाखी. 'काल' म्हटले की आपल्याला कालचा दिवस आठवतो. इथे मात्र तो घाला घालणारा काळ. हिचा जन्म बहुधा छोटा नागपूरच्या पठारावर, रांची-हजारीबागच्या बाजूला. बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा जमिनीलगत असते आणि तिच्यावर पश्चिमेकडची कोरडी, तापलेली हवा झाकणासारखी बसते. दुपारच्या उन्हाने ते झाकण उडाले की ढगांचे मनोरे दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतात आणि वायव्येकडून सरकत संध्याकाळच्या सुमारास आपल्यापर्यंत पोचतात. इंग्रज याला नॉर्वेस्टर म्हणत, ते याच दिशेमुळे.

आता झुळकेकडे येते. ढगातून पडणाऱ्या पावसाचा काही भाग वाटेतच वाफ होऊन जातो. त्यामुळे हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ती पावसाच्या पुढे धावत येते. म्हणजे जिच्यासाठी आपण गॅलरीत धावतो, ती झुळूक हेच वादळाचे पहिले पाऊल. कपडे काढायला, कुंड्या आत घ्यायला तेव्हा वेळ उरलेला नसतो. ही कामे वायव्येचे आभाळ काळवंडले की लगेच करायची. परवाच आपण गुढ्या उभारल्या. बाराव्या मजल्यावर गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधलेली काठी आणि वर तांब्या! सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवायची रीत आहेच. आभाळ भरले तर दुपारीच उतरवावी, देव रागावणार नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात तांब्या पडला तर तो मात्र रागावेल, रागावण्याइतका शिल्लक राहिला तर.

१७ एप्रिल २०१८ ची संध्याकाळ इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. अलीपूरला दोन झोत नोंदले गेले. पहिला ताशी ८४ किलोमीटर, दुसरा ९८. दोहोंत पाव तासाचेही अंतर नव्हते. झाडे कोसळली आणि माणसे गेली. पहिला झोत ओसरला म्हणून निघू नये, हे त्या संध्याकाळने दाखवले. ऑफिसातून निघताना आभाळ काळे दिसले, तर अर्धा-पाऊण तास तिथेच चहा घ्या. वादळ बहुधा तेवढ्यात पुढे जाते. वाटेत गाठलेच तर एखाद्या पक्क्या इमारतीत शिरा, नाहीतर जमिनीखालच्या मेट्रो स्थानकात थांबा. झाडाखाली नाही. इथला कृष्णचूडा म्हणजे आपला गुलमोहर. दिसायला देखणा, पण मुळे उथळ आणि फुटपाथच्या सिमेंटने आवळलेली. होर्डिंगखालीही नाही. मुंबईत १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, तो अशाच उन्हाळी वादळात.

विजेबद्दल थोडेच सांगते. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर असेल तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. पण मोजत बसू नका. गडगडाट ऐकू आला की आत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहायचे. मुलांना मैदानावर पाठवणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावे. जून २०१८ मध्ये दक्षिण कोलकात्यातल्या मैदानावर सरावाला आलेला एक तरुण क्रिकेटपटू वीज पडून गेला. मोबाइलमुळे वीज ओढली जाते, हा समज मात्र सोडा. उलट त्यावर 'दामिनी' अ‍ॅप घ्या. ते आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केले आहे आणि जवळपास वीज पडण्याचा संभव असला की सूचना देते.

आणि वादळ गेल्यावर? मला जास्त भीती वाटते ती तेव्हाची. भवानीपूरच्या एका गल्लीत गुडघाभर पाणी होते. एक मुलगा तोल सावरायला दिव्याच्या खांबाकडे हात नेत होता. पायरीवरचा चहावाला जिवाच्या आकांताने ओरडला, "पोस्ट धोरबेन ना!" मुलगा दचकून जागीच थांबला. खांबात त्या दिवशी वीज होती की नव्हती, हे कोणालाच ठाऊक नाही. चहावाल्याने तसे विचारत बसण्याची वाट पाहिली नाही. पाण्यातून जावेच लागले तर रस्त्याच्या मधून, काठीने चाचपत जा. खांब, शटर, विजेच्या पेट्या यांना हात लावू नका. कोणी चिकटलेला दिसला तर त्याला धरू नका. आधी मेन बंद करायला लावा किंवा विजेच्या कंपनीला फोन करा.

हे फक्त उन्हाळ्यापुरते नाही. २३ सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत या शहरात जे गेले, त्यांतले बहुतेक विजेच्या धक्क्याने गेले. भाद्रपद फार दूर नाही, म्हणून कार्यकारिणीला आजच सांगून ठेवते. यंदा मंडपाच्या तात्पुरत्या वायरिंगला ईएलसीबी बसवून घ्या, बोर्ड जमिनीपासून छातीइतके उंच ठेवा आणि पाऊस सुरू असताना रोषणाई बंद करायचे काम एका माणसाकडे नेमून द्या. आरती समईच्या उजेडात होते.