आधी मांड, मग लगाम



घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हात पहिल्यांदा लगामाकडे जातो. सिनेमात पाहिलेलं असतं ना! लगाम खेचला, टाच मारली की घोडा चौखूर उधळतो. म्हणून चांगला शिक्षक सुरुवातीला नवशिक्याच्या हातात लगाम देतच नाही. घोड्याला एक लांब दोर बांधायचा, तो शिक्षकाच्या हातात, आणि घोडा त्याच्याभोवती गोल फिरत राहतो. जुने चाबूकस्वार याला काव्यावर फिरवणं म्हणत. स्वाराचे पाय रिकिबीतून काढलेले, हात कमरेवर. नुसतं बसायचं. चांगली जाणती मुलंसुद्धा याला कंटाळतात, पण मांड पक्की होते ती इथंच.

आता लगाम का नाही, तर तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरून लटकतो. लगामाचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडातल्या कडियाळाला जोडलेलं असतं आणि ते लोखंड त्याच्या जिभेवर नि दात नसलेल्या हिरडीवर टेकलेलं असतं. स्वाराचा प्रत्येक हिसका तिथं बसतो. घोडा मान झटकतो, तोंड वासतो, आणि वर बसलेले महाशय म्हणतात, जनावर द्वाड आहे!

मग येते दुडकी चाल. हिच्यात घोड्याचा पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरप्या बाजूचा मागचा पाय एकदम पडतो. मग दुसरी जोडी. म्हणजे दोनच ठोके. एका ठोक्याला बसायचं, दुसऱ्याला रिकिबीवर किंचित उठायचं. गोलात जाताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, कारण त्याच क्षणी त्याचा आतला मागचा पाय पोटाखाली पुढे येत असतो आणि पाठीवरचा भार हलका झाला तर तो मोकळेपणानं येतो. दिशा बदलली की दोन ठोके लागोपाठ बसून जोडी बदलायची. सुरुवातीला खांद्याकडे वाकून बघावं लागतं. पुढे कधीतरी न बघताच बुडाखाली कळायला लागतं. ते कळलं की माणूस शिकू लागला म्हणायचं.

घोडाही काही साधाभोळा नसतो हं. जीन कसताना कित्येक घोडे छाती फुगवून घेतात. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला असं वाटतं, आणि चार फेऱ्यांनी खोगीर एका बाजूला कलतं. म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा एकदा तपासायचा. वर्षानुवर्षं बसणारेही ही तपासणी चुकवत नाहीत.

स्पर्धांचं म्हणाल तर मुख्य प्रकार तीन. ड्रेसेज, अडथळ्यांवरून उड्या म्हणजे शो जंपिंग, आणि या दोन्हींसोबत मोकळ्या रानातली दौड घालून होतं ते इव्हेंटिंग. उड्या बघायला गर्दी होते. आडवा दांडा पाडला की चार दोष, घोडा अडला की चार दोष, हिशेब सरळ. ऑलिंपिकमध्ये हे अडथळे 1.65 मीटरपर्यंत उंच असतात. पण त्यांची तयारी जमिनीवरच होते. साधारण 1.3 मीटर अंतरानं दांडे नुसते जमिनीवर ठेवायचे आणि दुडकीनं त्यांवरून जायचं. घोडा पावलं मोजायला शिकतो, स्वार दांड्याकडे न बघता समोर बघायला.

माझं मन मात्र ड्रेसेजमध्ये रमतं. 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या. नेमक्या त्या अक्षरापाशी चाल बदलायची, वळायचं, थांबायचं. प्रत्येक हालचालीला पंच 0 ते 10 गुण देतात. घोड्याला तोंडानं चुचकारलं तरी गुण कापले जातात. सगळं बोलणं पाठ, मांडी आणि बोटांतून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, घोडाच सगळं करतोय, हा वर आरामात बसलाय. तसं वाटलं की स्वार जिंकला.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचं उदाहरण मी नेहमी देतो. 1944 मध्ये त्यांना पोलिओ झाला. बऱ्या झाल्या, पण गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसेज स्त्रियांसाठी खुलं झालं आणि पुरुषांच्या बरोबरीनं उतरून त्यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य! टाच मारण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना हे ऐकवावं. आणि आजही ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकाच गटात लढतात, ते या घोडेस्वारीतच.

आपल्याकडे 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लष्कराच्या रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक आणि सांघिक सुवर्ण आणलं. त्यानंतरचं सुवर्ण यायला 2023 उजाडावं लागलं. 26 सप्टेंबरला हांगझोऊमध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा यांनी ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. गुण 209.205. मधल्या काळात लष्कराची मक्तेदारी सैल झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगच्या अंतिम फेरीत पोचून 23 वा आलेला फुआद मिर्झा हाही नागरी स्वार.

ही सगळी मुलं युरोपात राहून तयार झाली, आणि त्यामागे पैशाइतकंच मोठं कारण घोड्यांचे रोग हे आहे. घोड्याला सीमा ओलांडताना रोगमुक्तीचा दाखला लागतो. भारतातल्या घोड्याला तो मिळणं दुरापास्त, म्हणून घोडा तिकडेच घ्यायचा, तिकडेच ठेवायचा. हा जाच एकट्या आपल्यालाच आहे असं नाही. 1956 चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या कडक नियमांपायी घोडेस्वारी तेवढी स्टॉकहोमला भरवावी लागली. 2025 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा पुढची वाट थोडी सोपी व्हावी.

महाराष्ट्रात घोड्याची हौस पुष्कळ. सारंगखेड्याच्या यात्रेत जा. उंची, रंग, अंगावरचे भोवरे बघून सौदे होतात. घोडा शिकवला कुणी, हे विचारणारा विरळा. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर हौशी स्वारांचा क्लब 1942 पासून आहे, पुण्याच्या आसपासही शिकायची सोय बरीच आहे.

तेव्हा पालकांना एवढंच सांगणं. मुलाला शिकायला घालण्याआधी तबेला बघून या. घोड्यांच्या पाठीवर खोगिराचे घट्टे, जखमा आहेत का, खूर साफ आहेत का, प्यायला स्वच्छ पाणी आहे का, ते बघा. मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण हवंच आणि पायात टाच असलेले बूट हवेत. सपाट बूट रिकिबीत आरपार सरकतो आणि पडल्यावर पाय अडकून माणूस फरफटतो. मुलाकडून खरारा आणि खूर साफ करून घेणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका. आणि पहिल्याच दिवशी जिथं मुलाला भरधाव पळवून तुम्हाला व्हिडिओ काढून देतात, तिथं दुसऱ्या दिवशी पाठवू नका.