कीबोर्डवादकाचा ध्वनिवर्धक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या समाजातील कित्येक मुलेमुली आज विवाहसमारंभांत व उत्सवांत कीबोर्ड वाजवून चार पैसे मिळवू लागली आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु त्यांच्यासाठी लहान ध्वनिवर्धक घ्यावयास गेलेले पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात : "किती वॅटचा?" केवळ या प्रश्नावर विसंबल्यास कष्टाची पुंजी व्यर्थ जाण्याचा संभव असतो; म्हणून दोन शब्द बोलण्याचे योजिले आहे.

वॅट दुप्पट केले तरी आवाजाची पातळी अवघ्या ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटावयाचा, तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेव्हा १०० ऐवजी २०० वॅट घेतल्याने श्रोत्यांस फारसा भेद जाणवत नाही. शिवाय खोक्यावरील मोठा आकडा पुष्कळदा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. अखंड शक्ती त्याहून बरीच कमी असते.

दुसरा विचार खर्जाचा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा, तर ८८ पट्ट्यांच्या वाद्याचा २७.५ कंपनांचा असतो. इतका खोल स्वर लहान स्पीकरला पूर्णपणे पेलत नाही. आवाज चढविला की तो फाटू लागतो. गाण्याची साधी साथ करणाऱ्यास ८ इंची स्पीकर बहुधा पुरतो. डाव्या हाताने बेस वाजविणाऱ्याने १० किंवा १२ इंची पाहावा. मात्र तो उचलून दोन जिने चढता येतात की नाही, हेही पाहावे. कारण वादकाला हमाल मिळत नसतो.

तिसरा विचार जोडणीचा. एकच स्पीकर असल्यास कीबोर्डवरील 'मोनो' लिहिलेल्या जागीच तार लावावी. अन्यथा काही स्वर दुबळे ऐकू येतात. ब्लूटूथने आवाज बोटांच्या मागे पडतो, म्हणून वादनासाठी तारच योग्य. गायकाच्या माइकसाठी स्वतंत्र जागा असावी, आणि बॅटरीचा असल्यास ती मोठ्या आवाजात किती वेळ टिकते, हे विचारून घ्यावे.

उघड्या जागी अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. स्पीकर जमिनीवर ठेवल्यास पुढच्या रांगेतील वृद्धांचे कान किटतात आणि मागे शब्द पोचत नाहीत. तो तिवईवर, बसलेल्यांच्या डोक्यांहून उंच ठेवावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास सामान्यतः मनाई आहे. शेजारधर्मही तेच सांगतो.

शेवटी एक विनंती. खरेदीस जाताना मुलाचा स्वतःचा कीबोर्ड बरोबर न्यावा, त्यालाच वाजवू द्यावे, आणि आपण दुकानाच्या दुसऱ्या टोकास उभे राहून ऐकावे. ज्या कुटुंबांनी असे स्पीकर आधीच घेतले आहेत, त्यांनी ते एखाद्या रविवारी आपल्या सभागृहात आणावेत. नवशिक्या मुलांना ते ऐकून, उचलून पाहता आले, तर एखाद्या गरजू घरचे पैसे निश्चित वाचतील.