आजचे अष्टावधानी

'अष्टावधानी' हा शब्द आपण मराठीत मोठ्या कौतुकाने वापरतो. चुलीवरचे दूध, पाळण्यातले मूल, दारावरचा भाजीवाला आणि माजघरातून आलेली सासूबाईंची हाक, या सर्वांकडे एकदम लक्ष पुरविणारी गृहिणी ही आपली परंपरागत अष्टावधानी. आता या पदवीवर विद्यार्थ्यांनीही हक्क सांगितला आहे. पुढ्यात रसायनशास्त्राचे पुस्तक, कानांत गाणे, हाताशी मोबाईल, त्यावर मित्रांच्या संदेशांची टिंगटिंग, आणि शेजारच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना. विचारावे तर उत्तर तयार असते, 'मला हे सगळे एकदम जमते.' माझ्या घरीही मी हे उत्तर ऐकले आहे. त्यात लबाडी नसते. देणाऱ्याला ते मनापासून खरे वाटत असते, आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

नोकरीच्या निमित्ताने मी सध्या चेन्नईत राहतो. या दक्षिण देशात अष्टावधान हा नुसता वाक्प्रचार नाही. ती एक रीतसर कला आहे. तेलुगू, संस्कृत, कन्नड आणि तमिळ कवींनी ती जोपासली. सभेत अवधानी मध्यभागी बसतो आणि त्याच्याभोवती आठ पृच्छक. एक जण समस्या घालतो, दुसरा चार शब्द देऊन ते श्लोकात गुंफायला सांगतो, तिसरा प्रत्येक अक्षरागणिक 'आता अमुक अक्षर नको' अशी आडकाठी करतो. कोणी अधूनमधून घंटा वाजवितो. तिचे ठोके मोजायचे असतात. आणि एक गृहस्थ तर केवळ व्यत्यय आणण्यासाठीच नेमलेले असतात! त्यांना म्हणतात अप्रस्तुतप्रसंगी. कवी ऐन रंगात आला की यांनी विचारावे, 'काय हो, आज जेवणात काय होते?' आणि कवीने त्यांनाही हसतमुखाने उत्तर द्यावे.

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकाजवळ व्हिक्टोरिया पब्लिक हॉल ही लाल विटांची जुनी वास्तू आहे. तिथे १९०७ साली शेकुत्तंबी पावलर या तमिळ कवींनी आठ नव्हे, शंभर अवधाने करून दाखविली. ते नागरकोविलकडचे. 'शतावधानी' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली, आणि २००८ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले.

मग आमचे चिरंजीव म्हणतील, 'बघा, शंभर गोष्टी एकदम करता येतात!' पण अवधानाचा प्रयोग नीट पाहणाऱ्याला निराळेच दिसते. अवधानी आठ कामे एकदम करीतच नाही. तो एका पृच्छकाकडे वळतो, त्याच्या श्लोकाचा एक चरण पुरा करतो, तो मनात ठेवून देतो, आणि मगच दुसऱ्याकडे वळतो. अशा चार फेऱ्या होतात. शेवटी तो सर्व श्लोक सलग म्हणून दाखवितो. याला धारणा म्हणतात, आणि खरी परीक्षा तीच. अर्धा चरण हवेत लोंबकळत टाकून तो सहसा उठत नाही. शिवाय या सगळ्यामागे भाषेची आणि छंदांची वर्षानुवर्षांची तालीम असते. तेव्हा ही कला अनेक कामांची नव्हे. सोडलेल्या जागी अचूक परत येण्याची आहे.

आमचा विद्यार्थी नेमका इथेच चुकतो. समीकरणाच्या मध्यावर संदेश येतो, तो उघडतो, परत येतो तेव्हा समीकरण थंड झालेले असते. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. अमेरिकेत आर्थर जेरसिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ सालीच दाखविले होते की, एकच कृती सलग करण्यापेक्षा दोन कृती आळीपाळीने करताना माणसाचा वेग मंदावतो. बेरजा सलग केल्या तर लवकर होतात. एक बेरीज, एक वजाबाकी असे केले की वेळ वाढतो. २००९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना तर असे आढळले की, ज्यांना एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळण्याची फार सवय, तेच गैरलागू गोष्टी बाजूला सारण्यात मागे पडले. नंतरच्या सर्वच प्रयोगांनी इतका ठाम कौल दिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. गृहिणीचे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण पोळी लाटताना तिच्या हातांना वळण पडलेले असते. अर्थ लावण्याची दोन कामे मात्र मनाला एकाच क्षणी करता येत नाहीत.

वेळ वाया जातो याचे मला तितके दुःख नाही. दुःख याचे आहे की, मूल आठ तास प्रामाणिकपणे टेबलाशी बसते, सायंकाळी काहीच आठवत नाही, आणि मग ते निष्कर्ष काढते, 'मला डोकेच नाही.' मोडलेले असते ते अवधान. पण दोष बुद्धीच्या माथी येतो. दहावी-बारावीच्या वयात हा समज एकदा मनात बसला की तो काढणे कठीण.

व्यत्यय सर्वांनाच आपल्या मर्जीने मिळतात असेही नाही. मुंबईत परळच्या चाळीतल्या दाटीच्या बिऱ्हाडात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून भीमराव आंबेडकरांना त्यांचे वडील पहाटे दोनला उठवीत. तेव्हा कुठे शांतता मिळे. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिका आजही याच गरजेवर चालतात. इथे चेन्नईत १८९६ साली खुले झालेले कन्नेमारा ग्रंथालय आहे आणि कोट्टूरपुरमला २०१० साली उभे राहिलेले अण्णा शताब्दी ग्रंथालय. तेथे डबा आणि स्वतःची पुस्तके घेऊन आलेली मुले मी पाहतो, तेव्हा वाटते, ही मुले पुस्तकासाठी आलेली नाहीत, शांततेसाठी आली आहेत. शांतता पुरविणे हेही सार्वजनिक काम आहे, असे माझ्यासारख्या सरकारी नोकराने तरी मानले पाहिजे.

आणि आपण वडीलधारी मंडळी? मुलाला उपदेश करताना आपल्याच खिशातला फोन वाजतो, आणि आपण तो घेतो.

म्हणून उपदेशाऐवजी एक साधा प्रयोग सुचवितो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि अर्धा तास एकच प्रकरण वाचावे. शेजारी कोरा कागद असावा. मन जितक्या वेळा फोनकडे धावेल, तितक्या वेळा कागदावर एक रेघ ओढावी, अवधानी घंटेचे ठोके मोजतो तशी, आणि पुन्हा ओळीवर यावे. उठायचेच झाले तर परिच्छेद संपवून, कुठवर आलो ते चार शब्दांत लिहून उठावे. आठवड्याने पहिल्या आणि शेवटच्या कागदावरच्या रेघा मोजून पाहाव्या. मुलाला कागद देताना एक आपल्यासाठीही घ्यावा.