बालमंदिर आणि मुलाचे समाजशिक्षण

(वार्षिक संमेलनातील भाषण)



बालशिक्षणाचा विषय निघाला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो अक्षरओळखीचा. मूल वाचू केव्हा लागेल, अंक केव्हा गिरवील, याची आपणांस घाई असते. ते चार मुलांत कसे वागेल, रागाला आवर घालील की नाही, हा प्रश्न मात्र 'मोठेपणी येईल शहाणपण' असे म्हणून आपण पुढे ढकलतो. डॉ. मारिया माँटेसरी यांनी या समजुतीलाच धक्का दिला. सहवासाचे शिक्षण अक्षरांच्याही आधी सुरू होते आणि ते उपदेशाने होत नसून रचनेने होते, हा त्यांच्या पद्धतीतील एकच मुद्दा आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी बाईंचे पहिले बालगृह उघडले. तेथून पुढे जी पद्धत आकारास आली, तिच्यात शिक्षणाचे प्रत्येक साधन एकच ठेवण्याचा नियम आहे. दहा घनांचा गुलाबी मनोरा वर्गात एकच असतो. एक मूल तो रचीत असेल, तर दुसऱ्याने त्याचे काम संपेपर्यंत थांबावयाचे, हिसकावयाचे नाही. शिक्षिकेनेही मध्ये पडून वाटणी करावयाची नाही. काम संपले की पहिल्या मुलाने मनोरा जागच्या जागी ठेवावयाचा, कारण दुसरे कोणी त्याची वाट पाहत आहे. ही गोष्ट रोज घडते, आणि धीर व दुसऱ्याविषयीचा आदर हे गुण मुलाच्या अंगी मुरतात. खर्च वाचावा म्हणून साधन एकच ठेवलेले नाही. त्या एकपणातच शिकवण आहे.

दुसरी रचना वयाची. तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात बसतात. धाकट्याला बंद लावता येत नसेल तर थोरला दाखवितो, आणि दाखविताना स्वतःही सौम्य होतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस हे नवे वाटू नये. परंतु आज आपल्या पुष्कळ घरांत एकच मूल असते, तेव्हा ही भावंडे त्यास कोठे मिळावयाची? तिसरी रचना शांततेच्या खेळाची. सर्व मुले निश्चल बसतात, शिक्षिका दूरवरून एकेकाचे नाव हलक्या आवाजात घेते, आणि तेवढे मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाते. आपली पाळी येईपर्यंत मन आवरणे मूल येथे आनंदाने शिकते.

बक्षिसे व शिक्षा यांस या पद्धतीत स्थान नाही. बाईंनी आपल्या ग्रंथात एक प्रसंग नोंदविला आहे. एका मुलास पदक दिलेले होते. दुसऱ्यास शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविले होते. कामात गढलेल्या पहिल्याचे पदक गळून पडले, तरी त्यास पर्वा नव्हती. ते उचलून गळ्यात घातले ते शिक्षा झालेल्या मुलाने! ज्यास कामाची गोडी लागली, त्यास पदकाची ओढ उरली नाही.

या साऱ्याची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात सोडतीने माँटेसरी शाळेत प्रवेश मिळालेली मुले आणि सोडतीत नाव न आल्याने इतर शाळांत गेलेली मुले यांची तुलना अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. आवडत्या वस्तूवरून तंटा झाला तर काय कराल, या प्रश्नाला माँटेसरी शाळेतील पाच वर्षांची मुले न्यायाचा आधार घेऊन उत्तर देण्याकडे अधिक झुकली. मैदानावरही त्यांच्यात धसमुसळेपणा कमी दिसला. एका शहरातील एका अभ्यासावर सर्व भार टाकू नये हे खरे. तथापि त्याची दिशा स्पष्ट आहे.

आपल्या प्रांतात हे बीज ताराबाई मोडक यांनी रुजविले. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले त्यांनी हाती घेतले. वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या आदिवासी मुलांत चालले.

आता दोन सूचना करतो. संमेलनात सहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा व बक्षिसे बंद करावीत; त्या खर्चातून संस्थेच्या सभागृहात बालमंदिर चालवावे. आणि त्याचे दार केवळ ज्ञातीतील मुलांस नव्हे, तर शेजारच्या सर्व वस्तीतील मुलांस उघडे असावे. आपल्याच घरांतील मुलांत वाढलेले मूल आपल्याच माणसांसाठी थांबावयास शिकेल; परक्यासाठी थांबणे ते कोठे शिकणार? मनोरा एकच असावा आणि त्याची वाट पाहणारी मुले सर्व घरांतील असावीत, एवढीच आमची विनंती आहे. कार्यकारी मंडळाने तिचा विचार करावा, असे सांगून आपली रजा घेतो.