घरातली गोष्ट

घरातली गोष्ट घरातच राहावी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अल्पसंख्य समाजात वाढलेल्या माझ्यासारख्याला तिचा दुसरा पदरही ठाऊक आहे. घरातले भांडण वेशीवर टांगले, तर बाहेरचे लोक सगळ्या जमातीलाच नावे ठेवतील, ही ती भीती. तिच्यापोटी बाईने खाल्लेला मार झाकला जातो. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी स्त्रियांपुढे हाच पेच होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागात फिट्झरॉय क्रॉसिंग हे छोटे गाव आहे. गोऱ्यांनी जमिनी घेतल्यावर इथले आदिवासी त्यांचीच गुरे राखत राबले आणि पुढे तिथूनही निघावे लागल्यावर या गावाभोवती येऊन राहिले. दारू वाढली, मारहाण वाढली, तरुण मुले आत्महत्या करू लागली. जुलै २००७ मध्ये बायका एकत्र बसल्या. जून ऑस्कर आणि एमिली कार्टर पुढे झाल्या. दारूच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे त्यांनी मागणी केली : कडक दारू घरी न्यायला देऊ नका. ऑक्टोबरपासून २.७ टक्क्यांहून अधिक मद्यार्काची दारू दुकानातून नेणे बंद झाले.

त्याच वर्षी शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत केंद्र सरकारने आदिवासी वस्त्यांवर दारूबंदी लादली. त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा बाजूला सारला, लष्कराची मदत घेतली. बंधन दोन्हीकडे दारूचेच. पण वरून आलेले अनेकांना अपमानासारखे लागले. फिट्झरॉयच्या बायकांनी मात्र ते स्वतःच्या तोंडाने मागितले होते.

याचा अर्थ सारे सुरळीत झाले असा नव्हे. गावातूनच विरोध झाला, काही पिणारे दुसऱ्या गावांना गेले. पण दारूपायी इस्पितळात येणाऱ्यांची संख्या घटली. बायका बंदीवर थांबल्या नाहीत. मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी निवारा चालवला. आईच्या पोटात असतानाच दारूची बाधा झालेल्या मुलांची पाहणी करा, असा आग्रह धरला. पाहणीला नाव दिले ‘लिलिलवान’, म्हणजे सारी लहान लेकरे. २००२ आणि २००३ साली जन्मलेल्या मुलांत पाचांतले जवळजवळ एक बाधित निघाले. आपल्याच लेकरांबद्दल असे सत्य जगापुढे मांडायला केवढे धैर्य लागले असेल!

आपल्या गडचिरोलीतही १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. कायदा हवाच, पोलीसही हवेत. पण पहिला शब्द आतल्या माणसाचा असावा लागतो. जमातीच्या अब्रूसाठी बाईने किती दिवस मार झाकायचा, हा प्रश्न मोहल्ल्यात, पाड्यावर, वाडीत आपणच विचारायला हवा. आणि तो विचारणाऱ्या बाईच्या मागे पुरुषांनी उभे राहायला हवे.