घोड्याच्या गळ्याची गाठ: निकाल रंग देतात

नांदेड-लातूरकडं घोड्यांचा विषय निघाला की लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आठवतेच. तिथं घोडा घेताना लोक दात बघतात, पाय बघतात, चाल बघतात. मी पशुवैद्यक आहे, म्हणून सांगतो, गळ्याखालीही एकदा हात फिरवा. वयस्कर घोड्याला घशाखाली एका बाजूला लिंबाएवढी घट्ट गाठ लागली, तर ती थायरॉईडची असू शकते. लगेच 'कॅन्सर झाला' म्हणून जनावर मातीमोल विकू नका. आणि गाठीवर डाग तर अजिबात देऊ नका.

म्हाताऱ्या घोड्यांत अशा गाठी बहुतेक वेळा साध्या, न पसरणाऱ्या असतात. थोड्या मात्र कॅन्सरच्या निघतात. नुसत्या हाताला फरक कळत नाही. रक्तातले हार्मोन अनेकदा नॉर्मलच येतात. सुई घालावी, तर थायरॉईडला रक्तपुरवठा एवढा की सिरिंजमध्ये रक्तच जास्त येतं.

मग निकाल कुठं लागतो? काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर. तो मेणात बसवून ४-५ मायक्रॉनचे, केसापेक्षा कितीतरी पातळ काप घेतात. हिमॅटॉक्सिलिननं पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, इओसिननं बाकीचा भाग गुलाबी. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं: पेशी गाठीचं आवरण फोडून बाहेर पडल्यात का? रक्तवाहिनीत घुसल्यात का? घुसल्या असतील तर तो कॅन्सर.

आता खरी गंमत ऐका. थायरॉईडमध्ये दोन जातीच्या पेशी असतात आणि या साध्या रंगात त्यांच्या गाठी कधीकधी सारख्याच दिसतात. तेव्हा अँटीबॉडी वापरतात. थायरोग्लोब्युलिनची खूण तपकिरी उमटली तर गाठ थायरॉईड हार्मोन बनवणाऱ्या पेशींची. कॅल्सिटोनिनची उमटली तर सी-पेशींची. सी-पेशींच्या गाठीत कधी अमायलॉइड साचतं. काँगो रेड रंग दिला की ते ध्रुवित प्रकाशात हिरवं चमकतं.

म्हणून ऑपरेशननंतर गाठ फेकू देऊ नका. डॉक्टरांना सांगा, रुंद तोंडाच्या बरणीत, गाठीच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको, बर्फानं पेशी फुटतात. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नमुना कुठं पाठवायचा ते तिथं विचारा.

गाठ साधी निघाली, तर तो घोडा अजून कितीतरी वर्षं तुमच्या दारात उभा राहील. चला, भेटू पुढच्या भागात!